गोट की काठ

४ नोव्हेंबर

ताईच्या जाकिटाचा धावदोरा आज संपला. पावसाळाभर हातात होतं ते. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या सगळं जोडून झालं, आणि आता जिथे जिथे कापड संपतं तिथे तिथे कडा उघड्या पडल्यात. कडेकडून पाहिलं की चार पदर मोजता येतात. वर आईची गडद निळी, बारीक चौकडीची इरकल, मधे जुन्या धोतराचे दोन पदर, आत पांढरं मलमल. बाहेरून छान, आतून छान, कडेला मात्र दोऱ्यांची दाढी.

टेप घेऊन मोजलं. समोरच्या दोन कडा २४-२४ इंच, गळा १८, खालचा घेर ४६, बाह्यांची तोंडं १३-१३. बेरीज १३८. सांधे आणि कोपरे धरून १५० इंच म्हणू या, म्हणजे कडा झाकायला पावणेचार मीटरच्या आसपास पट्टी, म्हणजे गोट, लागणार. एवढ्याशा जाकिटाला एवढी कड असते हे मोजेपर्यंत कधी जाणवत नाही.

आईला विचारलं नव्हतं, तिने सांगितलंच. "काठ लाव की इरकलीचा. एवढा चांगला डाळिंबी काठ गुंडाळून ठेवलायस तो कशासाठी?" साडी कापायच्या आधी दोन्हीकडचा काठ बाजूला काढून ठेवला होता. त्यातला विरलेला भाग सोडला तरी सगळ्या कडांना दोनदा फिरवून उरेल. तेव्हा मापाची अडचण नाही. तिला वाटतं, यात विचार करण्यासारखं आहे काय?

६ नोव्हेंबर

काठ टाचण्यांनी लावून पाहिला. समोरच्या सरळ कडेवर असा शोभला की आईचंच खरं असं वाटायला लागलं. मग गळ्याशी आले.

गळा गोल आहे आणि काठ गोल व्हायला तयार नाही. काठ साडीच्या लांबीने विणलेला असतो. त्यात ताण्याचे उभे दोरे अखंड धावतात, दाट आणि घट्ट. त्या दिशेने कापड जवळजवळ ताणलंच जात नाही. साडीला तेच हवं असतं, कड लोंबता कामा नये. पण तीच पट्टी वळणावर बसवायला गेलं की एका बाजूला चुण्या आणि दुसऱ्या बाजूला ओढ. इस्त्रीने, पाण्याने, चुचकारून काही उपयोग नाही.

वळणावर बसणारी पट्टी उरेब कापावी लागते. ४५ अंशांत, ताण्याच्या दिशेनेही नाही आणि आडव्या बाण्याच्याही नाही, दोन्हींच्या मधून. तसं कापलं की विणीतले बारीक चौकोन तिरपे होऊन लांबतात, पट्टी हवी तशी वळते आणि वळूनही सपाट बसते. ब्लाउजच्या गळ्याला गोट लावणाऱ्या टेलरबाई हे रोज करतात, त्यांना कोण विचारतं. आता जेमतेम तीन इंच रुंदीच्या काठातून उरेब पट्टी काढायची म्हटलं तर हातात सव्वाचार इंचांचे तुकडे येणार आणि नक्षीचे लचके. ते मला जमणार नाही. म्हणजे हात जमवतील, मन धजणार नाही.

सरळ कडांना काठ आणि गळ्याला दुसरं काहीतरी, असंही करता येईल. पण कडेवरून दुमडायचं म्हणजे अर्धा काठ बाहेर आणि अर्धा आत. नक्षी मधोमध मोडते. आतली अर्धी ताईशिवाय कोणी बघणार नाही आणि बाहेरच्या अर्धीला काही अर्थ उरणार नाही. शिवाय हा काठ आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा आहे. कापलेल्या टोकाला नुसता हात लागला तरी दोरा सुटून येतो.

टाचण्या काढल्या. आई शेजारच्या खोलीतून, "झालं का लावून?"

७ नोव्हेंबर

रात्री ताईचा फोन. नाशिकला गारठा सुरू झालाय म्हणे, सकाळी स्कूटरवर शाळेत जाताना बोटं आखडतात. जाकीट कधी येतंय हे तिने सरळ विचारलं नाही, थंडीचं वर्णन मात्र बराच वेळ केलं.

"काठबिठ लाव हवा तर," ती म्हणाली, "पण मी ते मशिनमधेच टाकणार हं. आणि बाह्यांची तोंडं आठवड्यात काळी होतात माझी. खडू, हँडल, मुलांच्या वह्या."

"मग काय लावू?"

"अगं, मळलेलं दिसणार नाही असं काहीतरी. मला त्यातलं काय कळतं!"

कळतं तिला चांगलंच. फोन ठेवल्यावर तिचं जुनं स्वेटर आठवलं. पाठ, छाती सगळं धड, आणि मनगटाशी जाळी झालेली. कपडा मधून क्वचित फाटतो. तो जातो कडेने: बाहीचं तोंड, मानेमागची घडी, बटणपट्टी, खिशाचा ओठ. जिथे हात लागतो, घाम लागतो, जिथे कापड दुमडून स्वतःवरच घासतं तिथे. आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपण ते कधी बोलून दाखवत नाही एवढंच. साडीला फॉल लावतो तो कशाला? निऱ्यांखालची कड जमिनीला, चपलेला घासायची ती त्या पाच इंची सुती पट्टीने घासावी, साडी वाचावी. फॉल विरला की उसवायचा आणि नवा लावायचा. आजोबांच्या शर्टाची कॉलर घडीवर फाटली की शिंपी ती उसवून, उलटी करून परत जोडून द्यायचा, की शर्ट पुन्हा ऑफिसला जायला मोकळा.

जपानमध्ये हिवाळ्यात घरात घालायचं हान्तेन म्हणून एक कापूस भरलेलं जाकीट असतं. गळ्यापासून पुढे खाली येणारी त्याची पट्टी बहुधा काळी. किमोनोच्या कॉलरवरही मान जिथे घासते तिथे आणखी एक वेगळी पट्टी चढवतात, काकेएरी म्हणतात तिला. मळली, झिजली की तेवढी काढून बदलायची. ही तऱ्हा मला फार आवडते. कड म्हणजे कपड्याचा दागिना असं आपण धरून चालतो, आणि इथे सगळ्यात जास्त सोसणारा भाग आधीच कमी किमतीचा, सुटा ठेवलेला आहे.

तेव्हा ताईच्या जाकिटाला कडेला जे लावायचं ते जाकिटाच्या आधी झिजणार, असं गृहीत धरूनच लावायचं. उसवताना खालच्या इरकलीला इजा होऊ नये. आणि तीन वर्षांनी तसंच कापड परत मिळावं. सुंदर कोणतं हा प्रश्न त्यानंतर.

आईचा काठ तीन वर्षांनी परत मिळणार नाही.

९ नोव्हेंबर

दुपारी बाहेर पडले. आधी रविवार पेठ, बोहरी आळी. काही घ्यायचं नसलं तरी एकदा बघून घ्यावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर लेसच्या दुकानात उभं राहायला मला आवडतं. गोटा, जरीची फीत, क्रोशाची लेस, गोंडे, काचेच्या मण्यांची झालर, वेण्या घातल्यासारख्या जाड फिती. त्या वेणीच्या फिती हातात घेतल्या की फॅशन डिझायनर कोको शानेलची ट्वीडची जाकिटं आठवतात. १९५४ मध्ये बाईने पॅरिसमधलं आपलं फॅशन हाउस पुन्हा उघडलं, आणि त्यानंतरची ती कॉलर नसलेली जाकिटं जगभर नकलली गेली. कडेने फीत फिरवलेली, आणि घेराला आतल्या बाजूने एक बारीक साखळी शिवलेली, जाकीट वजनाने नीट खाली पडावं म्हणून. आमच्या जाकिटाला साखळीची गरज नाही. चार पदरांची गोधडी आहे ती, स्वतःच्या वजनानेच पडते.

यातली कुठलीही फीत ताईच्या बाहीच्या तोंडाला लावली तर मशिनमधे पहिल्याच धुण्याला पिंजून निघेल. बाळाच्या कुंचीला गोटा, मोती, टिकल्या सगळं शोभतं, कारण कुंची बाळ किती महिने घालणार? आणि घालून स्कूटर थोडीच चालवणार!

तयार उरेब पट्टीची रिळंही होती. सॅटिनची चकचकीत, ती नकोच. सुती म्हणून दाखवली ती हाताला खरखरीत, खळ भरलेली, आणि रंग सहा-सात, सगळे शाळेच्या गणवेशाचे. शिवाय ती अरुंद असते. घडी घातलेली पट्टी चार पदरांना कवेत घेईपर्यंत पाव इंचसुद्धा शिल्लक राहत नाही.

मग खण. खण बघितल्यावर मात्र पाय अडखळले. गुळेदगुड्डचा खण आणि ही इरकल दोन्ही बागलकोट जिल्ह्यातली, एकमेकींच्या शेजारच्या गावांतून आल्यासारखीच. निळ्यावर हिरवा-लाल खण उरेब कापून लावला तर त्याचे बारीक पट्टे तिरपे फिरतील, कडेभर. डोळ्यांसमोर दिसत होतं. नमुन्यापुरता अर्धा मीटर घेतला. (नमुन्यापुरता, असं मी दुकानदाराला सांगितलं. उरलेल्याचं काय करायचं ते माझं ठरलेलंच होतं.)

शेवटी लक्ष्मी रोडवरचं मॅचिंग सेंटर. खरं तर सरळ इथेच यायला हवं. भिंतभर टू बाय टू रुबियाचे गठ्ठे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, एका लालचेच पंधरा लाल. ब्लाउजसाठी घेतात हे कापड, पण गोटासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं मला माहीत नाही. पातळ, तरी वीण घट्ट. इस्त्रीची घडी धरून ठेवतं, उरेब कापलं तर छान वळतं, पन्हा साधारण ३६ इंच. आणि कुठल्याही गावात, कुठल्याही मॅचिंग सेंटरमधे मिळतं. नाशकात तर मिळतंच मिळतं.

"कोणता शेड ताई?" काउंटरवरचा मुलगा. मी जाकिटाची बाहीच पिशवीतून काढून समोर ठेवली. मग त्यालाही गंमत वाटली. डाळिंबी, राणी, गुलबक्षी, हळदी, मोरपंखी, चिंतामणी, वांगी, आमसुली. एकेक गठ्ठा काढून बाहीच्या तोंडाशी लावून बघत होता. मागे ब्लाउजपीस घ्यायला उभ्या असलेल्या काकूंनीही मत दिलं: "हळदी घ्या, उठून दिसेल."

उठून दिसत होतंच. निळ्यावर हळदी म्हणजे पेनाने रेघ ओढावी तसं. पण पहिल्या आठवड्यातला खडू आणि ग्रीस डोळ्यांसमोर आलं. निळ्यालाच निळा लावला तर जाकीट कुठे संपतं तेच कळत नाही, कड अर्धवट राहिल्यासारखी दिसते. डाळिंबी तर काठाशी तंतोतंत जुळत होता, म्हणून मुलगा तोच पुढे करत होता, आणि मलाही आधी तोच बरा वाटला. पण काठ कुठेतरी लावायचाच असेल तर शेजारी तोच रंग नको. दोन्ही मिळून एकच जाड पट्टा दिसेल. आमसुली त्याहून काळपट, लालसर असूनही गंभीर. डाळिंबीला धाकट्या बहिणीसारखं पुढे जाऊ देणारा रंग. मळ तर गिळूनच टाकेल.

मीटरभर आमसुली घेतलं. मधल्या चार-पाच लांब पट्ट्यांत काम होईल, उरलेलं ठेवून द्यायचं. बिलाच्या मागे त्या मुलाकडून शेडचा नंबर लिहून घेतला.

१० नोव्हेंबर

आज नुसत्या तपासण्या. रुबिया, खण आणि काठ, तिन्हींचे तुकडे ओल्या पांढऱ्या रुमालावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबली. काठ कोरडा ठणठणीत. इतक्या वर्षांत सुटायचा तो रंग कधीच सुटून गेलाय. खणाने हलकासा गुलाबी डाग दिला. रुबियाने त्याहून हलका. आई म्हणाली मिठाच्या पाण्यात टाक. मिठाने सुटणारा रंग पक्का होत नाही, पण तिच्याशी या विषयावर वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, म्हणून रुबिया साध्या पाण्यात भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत खळबळून वाळत घातलं. आत पांढरं मलमल आहे, तिथे गुलाबी छटा आली तर जन्मभर बघावी लागेल. आणि आटायचं ते आत्ताच आटू दे. नंतर गोट आटला आणि जाकीट नाही आटलं तर सगळ्या कडा चुण्या होऊन वर येतात.

खणाचा नमुना उरलेल्या गोधडीच्या तुकड्यावर लावून पाहिला. दिसायला अप्रतिम. पण उरेब कापल्यावर बुट्ट्यांचे मोकळे दोरे कडेने सुटायला लागतात आणि अंगठी अडकली की ओढले जातात. कोपऱ्यात घडीवर घडी आली की सुई पुढे जाईना. मिरवायच्या जाकिटाला चाललं असतं.

१४ नोव्हेंबर

काठ आधी, गोट नंतर. काठ समोरच्या दोन्ही भागांवर गळ्यापासून घेरापर्यंत सरळ उभा लावला. कडेला नाही, कडेपासून इंचभर आत. अर्धा इंच गोट येईल, मग अर्धा इंच निळं दिसेल, मग काठ. सबंध काठ, न दुमडता, नक्षी मोडल्याशिवाय. वरची आणि खालची टोकं गोटाखाली जातील, म्हणजे उसवायला वाव नाही. लांब बाजू बारीक हाताच्या टाक्यांनी बसवल्या, त्यामुळे उद्या गोट काढला तरी काठ जागचा हलणार नाही. वापरताना तिथे ना मनगट घासतं ना मान. काठाला एवढीशी सुरक्षित जागा जाकिटावर होती, ती सापडायला आठवडा लागला.

रुबियाच्या सव्वातीन इंचांच्या पट्ट्या. हिशोब असा: दुहेरी गोट हवा, तयार रुंदी अर्धा इंच, म्हणून सहापट म्हणजे तीन, आणि जाडीसाठी पाव इंच जास्त. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडल्या, सरळ नाही. सरळ जोडल्या की सांध्याची सगळी जाडी एकाच जागी येते आणि बरोबर तिथे गाठ दिसते. मग लांबीने दुमडून इस्त्री. इस्त्री करताना पट्टी ओढायची नाही, नुसती दाबायची.

१६ नोव्हेंबर

आज गोट बसला. सोळा नंबरची सुई, टीप मोठी, तीन मिलिमीटरची. मोठी टीप मुद्दाम, उसवणाऱ्याला सोपी जावी. उसवणारी बहुधा मीच असणार.

गळ्याच्या खोलगट वळणावर पट्टी किंचित ताणत नेली. ताणली नाही तर दुमडल्यावर वरची कड सैल पडून मानेपासून सुटी उभी राहते. समोरचे खालचे कोपरे गोल केले असते तर तिथे उलट, पट्टी सैल सोडावी लागली असती, नाहीतर कोपरा आत वळतो. पण मी ते काटकोनीच ठेवले. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी टीप थांबवायची, पट्टी वर दुमडून ४५ अंशांची घडी घालायची, परत खाली आणून पुढे जायचं. बाहेर आणि आत दोन्हीकडे तिरपी रेघ नीट आली की फार बरं वाटतं. उगाचच जाकीट उलटं-सुलटं करून कोपरा बघत बसले.

आतली बाजू हाताने हेमिंग. रेडिओवर जुनी नाट्यगीतं लागली होती, त्यामुळे घेर कधी संपला कळलं नाही. बाह्या राहिल्यात.

२१ नोव्हेंबर

बाह्या झाल्या, इस्त्री झाली, जाकीट हँगरला लावून दारावर टांगलं. आमसुली गोट दुरून दिसत नाही, जवळून दिसतो. दुरून दिसतो तो काठ.

उरलेलं रुबिया घडी घालून, बिल आत ठेवून, ताईच्याच पार्सलमधे टाकते आहे. चिठ्ठीत लिहिलं: बाह्यांची तोंडं विरली की जाकीट इकडे पाठव, आणि हे कापडही. तिच्याकडे कापड हरवेल याची मला खात्री आहे, पण शेडचा नंबर माझ्याकडेही आहे. आणि मशिनमधे टाकायचंच असेल तर उलटं करून, गार पाण्यात, पांढऱ्या कपड्यांबरोबर नाही. यातलं ती काय पाळेल ते तिलाच माहीत.

आई बराच वेळ जाकिटापुढे उभी होती. काठावरून बोट फिरवलं, गोटावरून फिरवलं.

"कडेला नाही लावलास."

"कडेला घासला असता गं."

"हं." मग उरलेल्या काठाची गुंडाळी हातात घेऊन तिने टोक ओढून लांबी बघितली. "एवढा उरलाय ना? मग मला एक बंडी शिव. बिनबाह्यांची, घरात घालायला. आणि तिला कडेलाच लाव काठ. मी काही स्कूटरवर जात नाही."

गळा चौकोनी ठेवला तर बसेल. उद्या तिचं माप घेते.